पाँटिंगची स्प्रिंगवाली बॅट आणि फॉरवर्ड तपासायची नेट प्रॅक्टिस

२३ मार्च २००३, रविवार. वर्ल्डकप फायनल, जोहान्सबर्ग. ऑस्ट्रेलिया ३५९ ला २, पाँटिंग नाबाद १४०, आपला सचिन पहिल्याच ओव्हरला ४ रन करून परत, सेहवागचे ८२ आणि द्रविडचे ४७ सोडले तर बाकी सगळा आनंदीआनंद, २३४ ला ऑलआऊट. मी तेव्हा सातवीत. लालबागला आमच्या चाळीत त्या रात्री कोणाच्या घरी धड जेवण झालं नसेल. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गॅलरीत बनियनवर उभे असलेले आमचे मोठे काका एकदम आवाज खाली आणून म्हणाले, पाँटिंगच्या बॅटमध्ये स्प्रिंग सापडलीय, चौकशी लागलीय, मॅच परत होणार.

आम्ही पोरं अक्षरशः आठवडाभर वाट बघत होतो. रोज कोणीतरी नवीन तारीख आणायचा. आता गंमत बघा, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नाही, चाळीत मोबाईल दोन का तीन, तरी पुढे कॉलेजात नागपूरचा पोरगा भेटला, इंदूरचा भेटला, सगळ्यांच्या गल्लीत हीच स्प्रिंग पोचलेली. म्हणजे अफवेला इंटरनेट लागत नाही, गरजू माणूस लागतो. आणि त्या दिवशी अख्खा देश गरजू होता.

यातला अजून एक पदर मला बऱ्याच वर्षांनी कळला. २००५-०६ च्या सुमारास पाँटिंग जी बॅट वापरायचा तिच्यावर ग्राफाइटची पट्टी होती, त्यावर एमसीसीने (क्रिकेटचे नियम ठरवणारी संस्था) खरोखर आक्षेप घेतला आणि कंपनीने २००६ मध्ये ती बॅट मागे घेतली. पट्टी हां, स्प्रिंग नाही, आणि फायनल होऊन दोन-तीन वर्षं उलटल्यावर. पण काकांना विचाराल तर ‘बघ, आम्ही तेव्हाच सांगत होतो’. अफवा आधी जन्मली आणि पुरावा मागाहून दत्तक घेतला, असा सगळा मामला.

तर आज लिहायला बसलोय ते यासाठी की फॉरवर्ड खरं का खोटं हे कसं तपासायचं असं लोक मला विचारतात (मी काही पत्रकार वगैरे नाही, फॅमिली ग्रुपमधला आगाऊ पुतण्या आहे एवढंच), आणि माझं म्हणणं असंय की थेट दंगल, औषधं, पूर असल्या मेसेजवर हात आजमावू नका. आधी क्रिकेट आणि सुपरहिरोच्या पिक्चरवर नेट प्रॅक्टिस करा. तिथे आउट झालात तरी कोणाचं काही जात नाही, आणि आपण कुठे फसतो ते बरोब्बर कळतं, कारण तिथे आपण फॅन असतो.

पहिली गोष्ट फोनमध्ये नाही, पोटात बघायची. मेसेज वाचल्या वाचल्या बोट आपोआप फॉरवर्डच्या बाणाकडे गेलं का? छाती फुगली का, किंवा डोकं तापलं का? गेलं असेल तर तिथेच फोन पालथा ठेवा आणि चहा टाका. सिरियसली. ज्या मेसेजने आपल्याला काहीच वाटत नाही तो आपण पाठवतच नाही ना, म्हणजे जो पाठवावासा वाटतोय तो तसा वाटावा म्हणूनच लिहिलेला असू शकतो. तो चहा उकळेपर्यंतची चार मिनिटं पुष्कळ होतात.

मग बाण बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर एक बाण म्हणजे नुसतं फॉरवर्ड, दोन बाण म्हणजे तो मेसेज पाच किंवा जास्त चॅटमधून फिरत फिरत तुमच्यापर्यंत आलाय. ही भानगड उगाच नाही आली. जुलै २०१८ मध्ये आपल्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने मारून टाकलं, त्या काळात देशात ठिकठिकाणी असले प्रकार झाले, आणि त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल असं केलं, मग २०२० मध्ये दोन बाणवाल्याला एका वेळी एकच चॅट. पण लोक हुशार, कॉपी करून पेस्ट करतात, मग बाण गायब. त्यामुळे बाण दिसला तर सावध व्हा, नाही दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. आणि ते खाली ‘जसं आलं तसं पाठवतोय’ लिहितात ना, त्याने काही होत नाही हो, पाठवलं तुम्हीच.

आता फोटो. यात सगळ्यात जास्त मजा आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

४ जुलै २०२४, टी-ट्वेंटी वर्ल्डकप जिंकून टीम आली आणि मरीन ड्राईव्हला ओपन बसमधून मिरवणूक निघाली तो दिवस. काकांनी (तेच, स्प्रिंगवाले) ग्रुपवर फोटो टाकला, बस, गर्दी, खाली ‘आजची मुंबई, ऊर भरून आला’. ऊर भरून येण्यासारखाच होता. पण मी त्या दिवशी संध्याकाळी चर्चगेटला अडकलेलो, गर्दीत एक चप्पल कायमची गेली, त्यामुळे मला पक्कं आठवत होतं की पाचची मिरवणूक म्हणता म्हणता बस निघाली तेव्हा साडेसात होऊन गेलेले आणि अंधार पडत आलेला. काकांच्या फोटोत लख्ख उजेड. मग मी झूम केलं. तर बसवर मधोमध धोनी! अहो, तो २०२० लाच इंटरनॅशनल क्रिकेटमधून रिटायर झालाय. फोटो २००७ चा निघाला, पहिला टी-ट्वेंटी वर्ल्डकप जिंकून आले तेव्हा २६ सप्टेंबरला एअरपोर्टपासून वानखेडेपर्यंत अशीच बस काढली होती तेव्हाचा. छत्तीस जणांच्या ग्रुपवर एकोणीस हार्ट पडले होते त्याला आणि धोनी एकालाही दिसला नाही. मलाही नसता दिसला, चप्पल गेली नसती तर.

तर पद्धत अशी. आधी स्वतःचे डोळे: उजेड कुठल्या वेळेचा, रस्ता ओला का सुका, पाट्या कुठल्या भाषेत, माणसांच्या अंगावर स्वेटर का रेनकोट, आणि मुंबईचा म्हणत असतील तर टॅक्सीचा रंग तरी बघा. मग गूगल लेन्स. फोटो सेव्ह करायचा, गूगलच्या सर्चमध्ये कॅमेऱ्याचं चिन्ह असतं ते दाबायचं, फोटो द्यायचा. तोच फोटो आधी कुठे कुठे आलाय ते खाली दिसतं, त्यातली जुन्यात जुनी तारीख शोधायची, पहिलं जे दिसेल ते नाही. व्हिडिओ असेल तर पॉज करून स्क्रीनशॉट काढा, दोन-तीन वेगवेगळ्या जागी काढा, आणि त्यावर जे लाल-पिवळ्या मोठ्या अक्षरात ‘ब्रेकिंग’ वगैरे लिहिलेलं असतं ते क्रॉप करून टाका, नाहीतर लेन्स तेच वाचत बसतं. क्रिकेटच्या क्लिपमध्ये एक अजून, कॉपीराईट चुकवायला लोक व्हिडिओ आरशासारखा उलटा करतात. रोहित शर्मा डावखुरा दिसला की समजा. असा उलटा केलेला स्क्रीनशॉट परत सुलटा करून लेन्सला दिला की कधीकधी लगेच सापडतो.

पण फोटो जुना किंवा बनावट असणं हे सोपं प्रकरण. त्याहून त्रासदायक म्हणजे फोटो खरा, कॅप्शन खोटं. त्याच २०२४ च्या वर्ल्डकपची फायनल घ्या. शेवटची ओव्हर, साउथ आफ्रिकेला १६ हवेत, पहिलाच बॉल, हार्दिकचा फुलटॉस, मिलरने उचलला आणि सूर्याने (सूर्यकुमार यादव) लाँगऑफला तो बाउंड्रीवर झेलून, हवेत टाकून, बाहेर जाऊन, परत आत येऊन पकडला. आपण ७ रनने जिंकलो. आणि रात्रीतून एक फोटो फिरायला लागला की बघा, बाउंड्रीची उशी मागे सरकवलीय, जुनी पांढरी रेघ पुढे दिसतेय. आता रेघ खरीच होती! लेन्समध्ये टाकून काही हाती लागणार नाही, फोटो एकदम ओरिजिनल. इथे प्रश्न असा विचारायला लागतो की या फोटोवरून हा निष्कर्ष निघतो का? मैदानावर चार-पाच पिचं असतात, मॅचगणिक पिच बदलतं, पिच बदललं की बाउंड्रीची उशी पण पुढेमागे होते, आणि आधीच्या बाउंड्रीचा पट्टा गवतावर दिसत राहतो. ओव्हल मैदानावर कुठलीही लोकल टुर्नामेंट खेळलेल्या माणसाला हे सांगायची गरज नाही, तिथे तर एकाची बाउंड्री दुसऱ्याचं मिडविकेट असते. राहिला पाय उशीला लागला का हा मुद्दा, तो थर्ड अंपायरने रिप्लेमध्ये बघितला आणि आउट दिला.

माझं मत विचाराल तर क्लीन कॅच. पण माझं मत घेताना हे पण लक्षात घ्या की मी मुंबईचा, सूर्या मुंबईचा, आणि हाच कॅच साउथ आफ्रिकेच्या क्लासेनने पकडला असता तर मी स्वतः ती पांढरी रेघ लाल गोल करून शंभर जणांना पाठवली असती. हा टेस्ट फार कामाचा आहे. नावं अदलाबदल करून बघायची. टीमच्या जागी समोरची टीम, आवडत्या नेत्याच्या जागी नावडता. तरीही तेवढंच पटलं तर पुढे बघू.

कोट्सबद्दल थोडक्यात सांगतो कारण तो विषय काढला की माझं डोकं फिरतं. खेळाडूचा फोटो, बाजूला अवतरण चिन्हात तडफदार वाक्य, आणि कुठे बोलला, कधी बोलला याचा पत्ताच नाही. कुठल्या प्रेस कॉन्फरन्सला, कुठल्या तारखेला, हे नसेल तर सोडून द्या. ब्लू टिकवर जाऊ नका, एप्रिल २०२३ पासून ट्विटरवरच्या जुन्या टिका काढल्या आणि आता ती पैसे भरून मिळते, त्यामुळे खाली नाव आणि हँडल अक्षर न् अक्षर वाचा, बऱ्याचदा तिथेच बारीक अक्षरात पॅरडी लिहिलेलं असतं. आपल्या मराठीत तर पुलं आणि वपु यांनी जेवढं लिहिलं त्याहून जास्त त्यांच्या नावावर ग्रुपांमध्ये फिरतंय, गुड मॉर्निंगच्या सूर्यफुलाखाली. बिचारे.

आता सुपरहिरो. इथे माझा भाचा गुरू आहे, वय बारा. २०१९ च्या एप्रिलमध्ये ते अ‍ॅव्हेंजर्सचं मोठं पर्व संपलं त्यानंतर मला स्वतःला हे पिक्चर थोडे होमवर्कसारखे वाटायला लागलेत, एक समजायला आधीची दोन सिरीज बघा म्हणे, पण भाच्यासोबत जावं लागतं. (मराठीतही सुपरहिरो आलेला हां, २०१५ ला ‘बाजी’, श्रेयस तळपदे, घोड्यावरून. भाच्याला सांगितलं तर त्याला तीच फेक न्यूज वाटली.) तर या पोराने एकदा मला नव्या पिक्चरचा ट्रेलर पाठवला, मी बघून थरारलो, ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, तिकीट कोण कोण काढणार विचारलं, आणि अर्ध्या तासाने त्याचाच मेसेज, ‘मामा फेक आहे तो, तू खाली वाचलं नाहीस का’. खाली बारीक लिहिलेलं, कॉन्सेप्ट ट्रेलर. जुन्या पिक्चरचे सीन जोडलेले आणि मधे मधे एआयने बनवलेले चेहरे. असल्या चॅनलांना करोडोंनी व्ह्यूज मिळायचे, शेवटी २०२५ मध्ये यूट्यूबने दोन मोठ्या चॅनलांची जाहिरातीची कमाई बंद केली. तेव्हा ट्रेलर आला की फक्त चॅनलचं नाव बघायचं. स्टुडिओच्या स्वतःच्या चॅनलवर आहे का? नाही? मग नाही. इतकं साधं.

पण याच खेळात उलटे बॉल पण पडतात आणि ते मुद्दाम सांगतो, नाहीतर माणूस सगळ्यालाच खोटं म्हणत सुटतो आणि तो पण एक प्रकारचा आळशीपणाच. २०२१ चा स्पायडरमॅन आठवा. आधीचे दोन्ही स्पायडरमॅन त्यात आहेत अशी वर्षभर कुजबुज. त्यातल्याच एकाचे, अँड्र्यू गारफिल्डचे, सेटवरचे फोटो लीक झाले, तो टीव्हीवर बसून शांतपणे म्हणाला की फोटोशॉप आहे, मी नाहीये. मी पण भाच्याला शहाणपणा शिकवला की बघ, माणूस स्वतः नाही म्हणतोय. मग ट्रेलर आला, आणि त्याच्या ब्राझीलच्या व्हर्जनमध्ये लोकांना दिसलं की तो सरड्यासारखा व्हिलन हवेत उडी मारतो आणि समोर कोणीच नसताना त्याच्या तोंडावर फाडकन बसते, मान अशी मागे जाते. म्हणजे मारणारा पुसून टाकलाय! एक सेकंद पण नाही तो शॉट. १६ डिसेंबरला आपल्याकडे अमेरिकेच्या एक दिवस आधी रिलीज झाला, सकाळचा शो, आणि गारफिल्ड पडद्यावर आल्यावर थिएटरमध्ये जो कल्ला झाला त्यात भाच्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी विसरलेलो नाही.

म्हणजे काय, संबंधित माणूस नाही म्हणाला एवढ्याने विषय संपत नाही, त्याला खोटं बोलायचं कारण आहे का ते बघायचं. आणि उलट, ऐकायला वेडगळ वाटतं म्हणून खोटंच असंही नाही. आयर्नमॅनवाला रॉबर्ट डाउनी ज्युनियर आता व्हिलन डॉक्टर डूम म्हणून परत येतोय हे जुलै २०२४ मध्ये कोणी फॉरवर्ड केलं असतं तर मी हसलो असतो, आणि ते स्टुडिओने स्टेजवरून जाहीर केलं होतं. दरवेळी खरं किंवा खोटं सांगता येईल असं नाही. ‘अजून कन्फर्म नाही’ हे पण उत्तर आहे, टाईप करायला शिका, हात दुखत नाही.

डीपफेकचं, म्हणजे एआयने बनवलेल्या नकली चेहऱ्या-आवाजाचं काय, असं हमखास विचारतात. जानेवारी २०२४ मध्ये सचिनचा एक व्हिडिओ फिरला, एका गेमिंग अ‍ॅपची जाहिरात करताना, आणि त्याने स्वतः पोस्ट टाकून सांगितलं की हा मी नाही. तेव्हा ओठ आणि आवाज जरा मागेपुढे होते, लक्ष देऊन बघितलं तर कळायचं. पण ‘ओठ बघा, पापण्या बघा, बोटं मोजा’ या टिपांवर मी आता विसंबत नाही, ते तंत्र दर महिन्याला सुधारतंय आणि आपले डोळे तेच आहेत. त्यापेक्षा हे विचारा: हा व्हिडिओ त्या माणसाच्या स्वतःच्या अकाउंटवर आहे का, आणि शेवटी माझ्याकडे पैसे, ओटीपी किंवा अ‍ॅप डाउनलोड मागतोय का? मागतोय तर तो साक्षात सचिन असला तरी नको.

एवढी प्रॅक्टिस झाली की मग खरी मॅच, म्हणजे मुंबईचा पाऊस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला ते सगळ्यांना माहितीये, पण दोन दिवसांनी जुहूच्या नेहरूनगर झोपडपट्टीत पाणी येतंय अशी हूल उठली, लोक अंधारात पळत सुटले आणि चेंगराचेंगरीत माणसं मेली, हे बरेच जण विसरलेत. पाणी आलंच नव्हतं. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये माहीमचं समुद्राचं पाणी गोड झालं म्हणून लोक बाटल्या भरून नेत होते, महापालिका पिऊ नका म्हणून ओरडत होती, पावसाचं आणि मिठी नदीचं गोडं पाणी तिथे येऊन मिळालेलं आणि मिठीत काय काय असतं ते आपण जाणतोच.

आणि माझा स्वतःचा पराक्रम. एका जुलैमध्ये दुपारी ऑफिसच्या ग्रुपवर मी व्हॉइस नोट पाठवली, ‘आज संध्याकाळी पाचनंतर हार्बर लाईन पूर्ण बंद राहणार आहे, लवकर निघा’. आवाज इतका खात्रीचा होता ना, एकदम कंट्रोलरूममध्ये बसलेला माणूस. एका कलीगने घाबरून फोर्टातून टॅक्सी केली, वाशीपर्यंत, साडेआठशे रुपये, आणि खाडी पुलावरून बाजूने लोकल आरामात जाताना त्याने बघितली. नोट आदल्या वर्षीची होती. मग मी पाठीमागे जाऊन विचार केला की काय चुकलं, तर त्या नोटमध्ये ‘आज’ होतं, तारीख नव्हती. ‘आज’, ‘उद्या’, ‘आत्ताच’ असं बोलणारा मेसेज कधी मरत नाही, दर पावसाळ्यात परत ताजा होतो. त्यामुळे माझा नियम ठरलाय, तारीख नाही आणि सांगणाऱ्याचं नाव नाही तर तो मेसेज मी पुढे नेत नाही. पाऊस असेल तर हवामान खात्याचं पान, गाड्यांसाठी मध्य किंवा पश्चिम रेल्वेचं स्वतःचं हँडल, रस्त्यावरच्या पाण्यासाठी महापालिकेचं. दोन मिनिटांचं काम आहे. सरकारी योजनेचा मेसेज असेल तर पीआयबी फॅक्ट चेक, बाकी व्हायरल गोष्टींना बूम, ऑल्ट न्यूज वगैरे फॅक्ट चेक करणाऱ्या साइट आहेतच, आणि क्रिकेटच्या आकड्यांसाठी सरळ स्कोअरकार्ड काढून बघा, कोणाच्या स्मरणशक्तीवर जाऊ नका, माझ्याही.

शेवटचं काम सगळ्यात अवघड, घरच्यांना सांगायचं कसं. भर ग्रुपवर ‘काका हे फेक आहे’ असं कधीच लिहू नका, मी लिहिलंय, गणपतीला दीड दिवस माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. पर्सनलवर जायचं. ‘काका, मला पण आलेला हा फोटो, मी पण फसलो, बघा जुना निघाला’, असं, म्हणजे त्यांना पाय मागे घ्यायला जागा राहते. सोबत एकच लिंक, पाच नाही. आणि हळूच सांगायचं की अडीच दिवसांच्या आत सगळ्यांसाठी डिलीट करता येतं, कसं करायचं त्याचा स्क्रीनशॉट. धोनीवाल्या फोटोच्या वेळी मी हेच केलं. दोन निळ्या टिका आल्या, दहा मिनिटं काही नाही. मग ग्रुपवरून फोटो गायब झाला. मग मला पर्सनलवर मेसेज, ‘बरं झालं सांगितलंस. चष्मा लावला नव्हता.’

आणि खाली लगेच दुसरा, ‘पण स्प्रिंग होती रे.’